समासातली ओवी

परवा देवळात पुराण ऐकताना असं काही कानावर पडलं की माझ्या हातातली वात वळायची थांबली. काय पडलं ते सांगते, पण मागून. आधी माझ्या वडिलांचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीला भ्रम झाला.

वडिलांना मी आबा म्हणत असे. आबा पोथ्यांच्या नकला करत. पुण्यात तेव्हा ज्याच्या दारात घोडा आला त्याला घरात पोथ्याही हव्या असत. वाचायलाच हव्या असत असं नाही; रेशमी बासनात बांधून कोनाड्यात ठेवल्या की घराला शोभा येई. आबांना त्याचं काही नव्हतं. जुन्नरी कागद घोटून गुळगुळीत करायचा, बोरू तासायचा, काजळाची शाई दौतीत ओतायची आणि ओसरीवर मान खाली घालून बसायचं, ते आई जेवायला तिसरी हाक मारीपर्यंत. "माझ्या प्रतीत काना-मात्रेची चूक दाखवा," असं ते म्हणत. कोणी दाखवल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नव्हतं.

मी नऊ-दहा वर्षांची असेन, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. लिहिणं हाताला पाठ होतं, पण समोरची जुनी प्रत दिसेना. त्यांना मुलगा नव्हता. मग त्यांनी मलाच बालबोध अक्षर शिकवलं. मी जुनी प्रत मोठ्यानं वाचायची आणि ते लिहायचे. पान झालं की मी दोन्ही पानं शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहायची. याला आमच्या घरी पडताळा म्हणत. शेजारणी आईला विचारत, "अगं, मुलीला पुराण सांगायला बसवणार की काय?" आई म्हणे, "बसवीन की. तुम्ही ऐकायला येणार असाल तर."

आबांना एक खोड होती. पान वाचून झालं की बोरू कानावर ठेवून विचारायचे, "कोण बोललं?"

मला वाटे, हा काय प्रश्न झाला? पोथी बोलली! पण आबांचं तेवढ्यानं भागत नसे. इथं राजा बोलतो, की राजाविषयी कवी बोलतो, की कवीला जेवू घालणारा बोलतो? एका पोथीत कुणा यजमानाची स्तुती चालली होती. तो कर्णापेक्षा दानशूर, समुद्रापेक्षा गंभीर. मी अगदी भक्तिभावानं वाचलं.

"कोण बोललं?"

"कवी."

"कवीचं काय बोललं?"

मी परत पान पाहू लागले.

"पोट बोललं," आबा म्हणाले आणि पुढं लिहू लागले.

दुसऱ्या एका पोथीत एका लढाईत सत्तर हजार हत्ती पडले होते. आबा म्हणाले, "कवी मोजायला गेला होता का? आणि गेला होता तर चिरडून मेला कसा नाही?" मी खो खो हसले. तर तेच एकदम गंभीर झाले. "हसू नकोस. हत्ती नसतील, पण भीती होती. ती भीती खरी आहे. एवढी भीती दाखवायला त्या बिचाऱ्याला एवढे हत्ती लागले. हत्तींवर विश्वास ठेवायचा नाही आणि भीतीला हसायचं नाही. दोन्ही एकदम वाचायचं."

अहो, काय सांगू! त्या दिवसापासून पान मला नुसतं पान वाटेना. त्याच्या मागं माणसं उभी दिसू लागली. एक कवी, त्याच्या पुढ्यात ताट वाढणारा कोणी, लिहिता लिहिता पेंगलेला कोणी, पानावर तेलाचा थेंब पाडून तो पंच्यानं पुसणारा कोणी. वीतभर कागदावर एवढी गर्दी, आणि सगळे माझ्याच तोंडून बोलताहेत! मी वाचताना मध्येच थांबे, आणि आबा न विचारता वाट पाहत. मला वाटतं, त्यांनाही तसंच होत असावं.

माझं लग्न नवव्या वर्षीच झालं होतं. सासर पुण्यातच, नागझरीच्या ओढ्यापलीकडे. रीतीप्रमाणे मी अजून माहेरी होते. बाराव्या वर्षी, चातुर्मास संपला की पाठवणी, असं ठरलं होतं.

त्या चातुर्मासात आमच्या देवळात एका राणीचं आख्यान लागलं होतं. दुपारची जेवणं आटोपली की बायका वातींचा कापूस घेऊन सभामंडपात बसत. पुराणिकबुवा चौरंगावरच्या पोथीतून ओवी म्हणत आणि तिचा अर्थ सांगत. माझ्या सासूबाईही मुद्दाम नागझरी ओलांडून येत, कारण बुवांचा गळा गोड होता. कथा अशी, की राजा परमुलखात गेलेला असताना शत्रू एक ताम्रपट घेऊन दारात येतो. म्हणतो, हे राज्य तुमच्या सासऱ्यांनी आम्हाला लिहून दिलं आहे. प्रधान माना डोलावतात. राणी मात्र ताम्रपट आत मागवून घेते, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचते आणि तो खोटा आहे हे ओळखते. ज्याची साक्ष त्यावर कोरली आहे तो माणूस त्या मितीआधीच वारलेला असतो! राज्य राहतं. "धन्य गं बाई," म्हणून बायकांनी हात जोडले. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. राणीसुद्धा पडताळा पाहते, माझ्यासारखाच!

आणि त्याच दमात बुवांनी पुढची ओवी म्हटली:

जे स्त्री पोथी करीं घेई । श्रवण सांडोनि वाची पाही ।
तिचे घरीं लक्ष्मी नाहीं । रुसोनि जाय तत्काळ ॥

अर्थ सांगायला बुवांची गरज नव्हती. ऐकायचं सोडून जी बाई पोथी हातात घेऊन स्वतः वाचते, तिच्या घरातून लक्ष्मी निघून जाते. तरी बुवा सावकाश अर्थ सांगत राहिले आणि एकेक मान माझ्याकडे वळत राहिली. आमच्या आळीत पोथी वाचणारी मुलगी एकच होती. शेवटची मान सासूबाईंची वळली.

सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे आत्ताच सांगून टाकते. घरातली कर्ती माणसं मोहिमेवर जात, कधी परत येत, कधी येत नसत. ते घर त्यांनी एकटीनं धरून ठेवलं होतं. घरातून लक्ष्मी जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी ओवीतून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा निरोप आला. समाप्तीच्या दिवशी मुलीनं देवापुढं बेलभंडार उचलून शपथ घ्यावी, की यापुढं पोथीला हात लावणार नाही. मग खुशाल पाठवा. नाहीतर मुलगी तुमच्याकडेच राहू द्या. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन केलेली शपथ मोडायची कुणाची छाती नसे. समाप्तीला आठ दिवस होते.

मी तरातरा ओसरीवर गेले. आबा पाठ असलेलं एक स्तोत्र लिहीत होते. मी त्यांच्यापुढं उभी राहून त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "कोण बोललं?"

आबांनी मान वर केली नाही. "कवी बोलला. पोथीत आहे ना."

असा संताप आला म्हणता! "हत्ती पोथीत होते तेव्हा हसलात! माझ्यावर आलं तेव्हा पोथीत आहे ना?"

"हळू बोल," आई आतून म्हणाली.

हळू बोलतेय कसली! "एका ओवीत राणीनं वाचलं म्हणून राज्य राहतं, आणि लगेच पुढच्या ओवीत वाचणारीचं घर बुडतं? एकाच तोंडानं दोन्ही? कवी मध्येच झोपून उठला होता की काय?"

आबांचा बोरू थांबला. शाईचा एक थेंब पानावर पडला, तो त्यांनी टिपलाही नाही. एवढी वर्षं मी त्यांना पानावर डाग पाडताना पाहिलं नव्हतं.

"शंका चांगली आहे," ते म्हणाले. "पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. जुनी प्रत पाहायला हवी."

"आहे कुठं?"

"माझ्या गुरुजींच्या घरी. देवळातली पोथी तिच्यावरूनच उतरवलेली आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. हौदावर कात्रजचं पाणी भरायला बायकांची झुंबड होती. हडपसरकडून भाजी लादलेले बैल येत होते, त्यांच्यामधून आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले होते. एरवी वाटेत प्रत्येक घरावर त्यांची काहीतरी टिप्पणी असे, ह्यांनी पोथी नेली पण बासन सोडलं नाही, त्यांच्या पोथीवर मांजर झोपतं. त्या दिवशी एक अक्षर नाही. मला वाटलं, नीट दिसत नाही म्हणून गप्प असतील.

गुरुजी केव्हाच वारले होते. त्यांच्या वृद्ध पत्नीनं बासन आणून आमच्यापुढं ठेवलं आणि बजावलं, "पानं सुटी आहेत. विस्कटलीत तर लावून दिल्याशिवाय उठू द्यायची नाही." आणि समोरच जपाला बसल्या, एक डोळा आमच्यावर ठेवून.

मी पानं उलटत गेले. ताम्रपट आला. राणीनं वाचला. राज्य राहिलं. पुढची ओवी? पुढं राजा परत येतो, नगरात गुढ्या उभारतात. मध्ये काही नाही! पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. नाहीच! मग पान उजेडाकडे तिरकं धरलं, तेव्हा कडेला काहीतरी दिसलं.

पानाच्या कडेची कोरी जागा म्हणजे समास. त्या समासात, निराळ्याच हातानं, पातळ तपकिरी शाईनं, एक ओळ तिरकी वर चढत गेली होती. जे स्त्री पोथी करीं घेई...

मी त्या अक्षरांवर बोट ठेवलं. कोणीतरी वाचणारा होता तो. कधीतरी एका दुपारी हे पान वाचताना त्याला राणीचा राग आला, की आपल्याच घरातल्या कुणा वाचणारीचा आला, देव जाणे. जेवायला उशीर झाला असेल. हातात बोरू होता, कडेला जागा होती, टाकलं लिहून! आणि ज्याच्या भीतीनं परवापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, ज्याच्यापुढं मंडपभर बायका हात जोडून बसल्या होत्या, तो देव नव्हता, कवीही नव्हता. हा होता. नाव-गाव नसलेला, रुसून बसलेला एक माणूस. मला त्याची कीवही आली आणि त्याच्या हाताचं नवलही वाटलं. तो मरून मातीत गेला असेल, आणि त्याचा एका दुपारचा राग अजून चालत होता, माझ्या दारापर्यंत येऊन पोचला होता.

"आबा, ती समासात आहे!" मी ओरडले. "आणि काकपद पण नाही!"

काकपद म्हणजे कावळ्याच्या पावलासारखी एक बारीक खूण. लिहिताना ओवी राहून गेली तर ती समासात लिहितात आणि जिथं घालायची तिथं ही खूण करतात. खूण असेल तर पुढच्या नक्कल करणाऱ्यानं ती ओवी आत घ्यायची. खूण नसेल तर समासातलं समासातच ठेवायचं. आबांनी मला अगदी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ही.

"खूण नसताना आत घेतली! कोण गाढव होता हो हा नक्कल करणारा?"

"मी," आबा म्हणाले.

गुरुपत्नींची माळ थांबली. मला तर कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.

"सोळा वर्षांचा होतो," आबा म्हणाले. "पहिलीच पोथी. गुरुजी परगावी. ओवीसारखी ओवी दिसली. वाटलं, खूण करायची राहिली असेल. गाळली तर पाप लागेल म्हणून घेतली. पुढं शंका आली. पण तोवर पोथी देवळात गेली होती, लोक वाखाणत होते, आणि इथं येऊन पाहायला मी कधी धजलो नाही." मग जरा थांबून म्हणाले, "कोण बोललं, हे तुला रोज उगाच नव्हतो विचारत."

परत येताना मी त्यांचा हात खांद्यावर घेतला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. इतका राग आला होता आणि इतकं वाईट वाटत होतं, की दोन्ही एकदम कसं वाटतं हेच कळत नव्हतं.

घरी आल्यावर प्रश्न उरला, तो सांगायचं कुणाला याचा. पोथी नकलणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे त्याची प्रत बिनचूक असल्याची ख्याती. देवळात उभं राहून आपलीच प्रत चुकली म्हणायचं, मग उद्या कोण कशाला पोथी हातात देईल? आबांनी तोंडानं म्हटलं नाही, पण मला दिसत होतं. ताट वाढलं होतं. मी म्हणाले, "आबा, मी घेते शपथ. कुणी पाहत नसताना वाचीन, झालं."

आईनं भाताची मूद ताटात ठेवली. "वा," ती म्हणाली, "चूक यांची, शपथ हिची, आणि तीही खोटी. छान चाललंय घरात." एवढं बोलून तिनं वरण वाढलं. आबा घास न घेताच उठले.

पुढचे दिवस ते लिहायला बसले नाहीत. मला वाटलं, आता हे होणार नाही. समाप्तीच्या सकाळी मी मुकाट्यानं केस विंचरून घेतले.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाई पुढंच बसल्या होत्या, पुढ्यात तबक, तबकात बेलाचं पान आणि भंडारा. बुवांनी शेवटची ओवी म्हटली, पोथीवर फुलं वाहिली आणि मला खूण केली. मी उठले. तेवढ्यात दारातून आबा आले. डोक्यावर गुरुजींच्या घरचं बासन, एका हातानं धरलेलं, दुसऱ्या हातानं खांब चाचपत. बायकांनी बाजूला होऊन वाट दिली.

"बुवा," आबा म्हणाले, "शपथेआधी एक पडताळा पाहायचा आहे. ती ओवी कवीची नाही. समासातली आहे. ती आत घेणारा नकलणारा मी."

बुवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तीस वर्षं वाचतो आहे मी ही पोथी!"

"तीस वर्षं माझी चूक वाचता आहात, बुवा."

दोन्ही पोथ्या शेजारी ठेवल्या गेल्या. बुवांनी पान पाहिलं, परत पाहिलं, आणि त्यांचा आवाज उतरला. माणूस चांगला होता, त्यानं आबांना वाट काढून दिली. पोथीच्या शेवटी प्रत्येक नक्कल करणारा लिहितोच, की जसं पाहिलं तसं लिहिलं, चुकलं तर दोष मला देऊ नये. "तुम्हीही ते लिहिलं आहे," बुवा म्हणाले. "तेव्हा तुमच्याकडे दोष नाही."

"जसं पाहिलं तसं लिहिलं असतं तर आलोच नसतो," आबा म्हणाले. सगळ्या पुण्यासमोर, म्हणजे आमचं पुणं जेवढं होतं तेवढ्यासमोर, माझा बाप मान ताठ ठेवून उभा होता. मी तसं काही त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

सासूबाई खांबाकडे तोंड करून बोलल्या, कारण व्याह्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. "मग वाचलं तर लक्ष्मी रुसत नाही, असं म्हणायचं का?"

"ते मला ठाऊक नाही," आबा म्हणाले. "एवढंच ठाऊक आहे, की असं कवीनं म्हटलेलं नाही."

सासूबाईंनी तबकातलं बेलाचं पान उचललं आणि देवाच्या पायांवर ठेवलं. "आमच्याकडे दोन जुन्या पोथ्या आहेत," त्या खांबाला म्हणाल्या. "वाळवी लागली आहे म्हणतात. सूनबाई येतील तेव्हा बघतील." माझा जीव भांड्यात पडला. आईनं पदरानं डोळे टिपले आणि लगेच मला म्हणाली, "नीट उभी राहा."

बुवांनी हरताळ मागवली. हरताळ म्हणजे ती पिवळी पूड, ती फासली की खालची अक्षरं दिसेनाशी होतात. आबांनी हात आडवा केला. "झाकू नका. झाकलं तर इथं काय होतं म्हणून कुतूहल वाढेल. ओवी राहू द्या. शेजारी समासात लिहा, ही कुणाची नि कशी आली. पुढचा वाचील आणि ठरवील." मग त्यांनी बोरू माझ्या हातात दिला. बुवांनी पान माझ्यापुढं सरकवलं. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "साध्या भाषेत लिही. ओवी करू नकोस. आणि खूण काढू नकोस."

आता माझी चूक सांगते. मंडपभर डोळे माझ्यावर होते. देवळातल्या पोथीवर एक मुलगी लिहीत होती, आणि ती मुलगी मी होते! साधं लिहायचं? त्या रुसलेल्या माणसानं ओवी करावी आणि मी काय कोरडं टिपण ठेवावं? मला राहवलं नाही. मी लिहिलं:

मागील ओवी कवीची नोहे । समासीं कोणी लिहिली आहे ।
लेखकें चुकोनि घेतली पाहें । विचारून वाचावें ॥

"लिहिलंस?" आबांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

"हो."

"साधंच ना?"

"हो," मी म्हणाले.

आबांशी मी तेवढं एकच खोटं बोलले. सासरी गेले, वाळवी लागलेल्या पोथ्या झटकल्या, वाचत राहिले. नवऱ्यानं कधी अडवलं नाही, उलट जेवताना विचारायचा, आज कोण बोललं. सासूबाई शेवटच्या दुखण्यात माझ्याकडूनच पोथी वाचून घेत, आणि मध्येच म्हणत, "हे काही खरं वाटत नाही गं." आबांकडे मात्र पोथ्या यायच्या हळूहळू थांबल्या. त्याबद्दल ते एकदाही कुरकुरले नाहीत. आणि मी काय लिहिलं ते न कळताच गेले.

आता परवाचं सांगते. नागझरीच्या या बाजूला नवं देऊळ झालं आहे. पोथी नवी, पुराणिक नवे, आख्यान तेच राणीचं. मी खांबाला टेकून वाती वळत होते. ताम्रपट आला, राणीनं वाचला, आणि मागोमाग ती ओवी आली, जे स्त्री पोथी करीं घेई. म्हटलं, हा रुसलेला अजून आहेच! तोच बुवांनी सूर न बदलता, श्वास न घेता, पुढची ओवी म्हटली.

मागील ओवी कवीची नोहे.

वात हातातून गळाली. कुणीतरी नकलताना माझी ओवी समासातून उचलून सरळ आत घेतली होती. काकपद नसताना! ओवीसारखी ओवी दिसली म्हणून! बुवा डोळे मिटून अर्थ सांगत होते. पाहा, कवी किती नम्र, स्वतःची ओवी स्वतःची नाही म्हणतो, केवढा हा निरहंकार! आणि मंडपभर बायकांनी हात जोडले. माझ्या ओवीला! मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. बारा वर्षांच्या मुलीचा मिजासखोर शब्द देवाच्या दारी कवीचा होऊन बसला होता, आणि मी जिवंत असताना मला ऐकू आला होता. एवढं नवल माणसाच्या वाट्याला कशाला यावं! मग आबा दिसले, डोक्यावर बासन घेऊन दारातून येताना. मी उठले.

"बुवा, ती ओवी माझी आहे," मी म्हणाले. "कवीची नाही. साधं लिहायला सांगितलं होतं, मी ओवी केली. चूक माझी."

इकडून तिकडून हसू फुटलं. बुवा समजुतीनं म्हणाले, "आजी, उन्हाचं आलात, जरा पाणी घ्या. पोथीत आहे म्हणजे कवीचीच."

"अहो, कोण बोललं ते विचारा तरी!"

कुणी विचारलं नाही. मी बसणार होते, तेवढ्यात मागल्या ओळीतून एक तरुण सून, मांडीवर पोर घेतलेली, चांगली खणखणीत आवाजात म्हणाली, "आजी, खरंच तुमची असेल. पण पुरावा काय?"

तिच्या सासूनं तिला कोपरानं ढोसलं. मला मात्र तिथंच तिच्या तोंडावरून हात फिरवावासा वाटला.

जुनी पोथी पहिल्या देवळात अजून आहे, काल चौकशी करून आले. उद्या दुपारच्या पुराणाला ती या मंडपात आणायची आहे. मुलगा म्हणतो मी नेतो, पण डोक्यावरून मीच नेणार. बोरू तासून ठेवला आहे. नव्या पोथीच्या समासात आणखी एक ओळ लिहायची आहे, आणि आबांना जे सांगितलं होतं ते आता खरं करायचं आहे. या वेळी साधंच लिहीन.